बावीस खिशांचं वेस्ट आणि एक धुतलेलं कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत फोटोग्राफर लोकांच्या मल्टिपॉकेट वेस्टवर, म्हणजे त्या बिनबाह्यांच्या खिसेवाल्या जॅकेटवर, जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा उत्सुकतेने आणि एकदा चिडून. लेखकाने पाच-सहा वेस्टची तुलना केलीय, आणि कशावरून तर खिशांच्या आकड्यावरून. याला चौदा, त्याला अठरा, आणि ज्याला बावीस ते पहिल्या नंबरावर. अहो असं कसं? हे म्हणजे घर बघायला जायचं आणि दारं किती ते मोजून परत यायचं. मी बरीच वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतेय, अधूनमधून ओळखीतल्यांचे कार्यक्रमही करते, आत्तापर्यंत तीन वेस्ट वापरून झालीत आणि त्यातलं पहिलं बावीस खिशांचंच होतं, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कापायचं तर खुशाल कापा, पण वजनाचा भाग तेवढा ठेवा.

बावीस खिसे बघून मी का भुलले ते आधी सांगते. बायकांच्या कपड्यांना एक तर खिसा नसतो, असला तर त्यात धड मोबाइल मावत नाही, आणि कधी कधी तर वरून नुसती फ्लॅप शिवलेली असते, उघडून बघावं तर आत काहीच नाही, शुद्ध फसवणूक. अशा माणसाच्या हाती एकदम बावीस खिसे पडल्यावर काय होणार! मी घरी येऊन आरशासमोर उभी राहून एकेक उघडून बघत होते, छातीवर चार, खाली दोन मोठे, त्या मोठ्यांच्या पोटात अजून दोन, बगलेखाली चेनचे, अस्तराला आतून चोरखिसे, आणि पाठीवर एक एवढा मोठा की रेनकोट घडी न करता कोंबावा. आणि एकदा खिसा आहे म्हटलं की त्यात काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही हो. पहिल्या महिन्यात माझ्या अंगावर दोन स्क्रू ड्रायव्हर, एक शिट्टी आणि सेफ्टी पिनांचा डबा फिरत होता, यातलं एकही कधी लागलं नाही.

मग एक दिवस कार्ड हरवलं. एसडी कार्ड म्हणजे केवढं, ३२ बाय २४ मिलिमीटर, जाडी जेमतेम २, पोस्टाच्या तिकिटाएवढा जीव. आमच्या ग्रुपचे दोन दिवसांच्या डोंगरभटकंतीचे सगळे फोटो त्यात. भरलं म्हणून काढलं, नवीन घातलं, आणि जुनं कुठेतरी ठेवलं, हे कुठेतरी म्हणजे बावीसपैकी एकात. घरी येऊन सगळे खिसे उलटे केले, म्हणजे मला वाटलं सगळे केले. ग्रुपमध्ये सगळ्यांची बोलणी खाल्ली. दोन महिन्यांनी वेस्ट धुतलं, वाळत घालताना अस्तराच्या कडेला बोटांना काहीतरी कडक लागलं, आणि तिथे अजून एक खिसा निघाला जो मला माहीतच नव्हता. कार्ड दोन दिवस वाळवलं आणि रीडरमध्ये घातलं तर सगळे फोटो शाबूत. म्हणजे माझ्या वेस्टला खिसे तेवीस होते, तुमच्या लेखकाच्या हिशोबाने तर अजून एक मार्क जास्त!

एवढे खिसे आले कुठून हा प्रश्न मला तेव्हापासून पडला होता आणि त्याचं उत्तर मजेशीर आहे. हे कपडे मुळात गळाने मासे पकडणाऱ्यांचे. अमेरिकेतल्या ली वुल्फ या माणसाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला असं बिनबाह्यांचं खिसेवालं जॅकेट शिवून घेतलं असं मानतात, कारण नदीत कंबरभर पाण्यात उभं राहायचं तर डबा-पिशवी ठेवणार कुठे, सगळं छातीवरच पाहिजे. म्हणून ती वेस्ट आखूड असायची, खालची कड पाण्यात भिजू नये म्हणून. आजही कित्येक फोटोग्राफी वेस्टला पाठीवर मानेखाली एक कडी शिवलेली दिसते, ती मुळात माशाचं हातजाळं अडकवायची. मी पहिलं वर्षभर ती कडी ट्रायपॉडसाठी असेल समजून डोकं लढवत होते. पुढे ही वेस्ट फोटोग्राफरांच्या अंगावर आली तेव्हा रोलचा जमाना होता. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये फोटो ३६, म्हणजे दिवसभरात चारशे फोटो काढायचे तर बारा रोल जवळ हवेत, वापरलेले एकीकडे, कोरे एकीकडे, रंगीत वेगळे, काळेपांढरे वेगळे. तेव्हा त्या छोट्या छोट्या खिशांना अर्थ होता. आता तेच चारशे फोटो त्या तिकिटाएवढ्या कार्डात जातात आणि तरी अर्ध्याहून जास्त जागा उरते, पण खिसे मात्र तसेच राहिलेत.

(विषय निघालाच आहे म्हणून, एके काळी उलटं होतं, कॅमेराच खिशाच्या मापाने बनवायचे. कोडॅकने १९१२ मध्ये वेस्ट पॉकेट कोडॅक नावाचा घडीचा कॅमेरा काढला, मिटला की जाडी इंचभर, सरळ बंडीच्या खिशात. १९२४ साली एव्हरेस्टवर मॅलरी आणि अर्विन हे दोन गिर्यारोहक शेवटचे दिसले तेव्हा त्यांच्याजवळ तसाच एक कॅमेरा होता म्हणतात. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा काही त्याच्यापाशी मिळाला नाही, नाहीतर ते शिखरावर पोचले होते का हे फोटोवरून कळलं असतं. खिशातल्या वस्तूची एवढी वाट जगाने दुसऱ्या कुणाची बघितली नसेल.)

आता वजन. लेखात याबद्दल एक ओळ नाही, म्हणून मीच घरातला वजनकाटा काढला आणि काही आकडे कंपनीच्या माहितीवरून घेतले. लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स, कॅननची ईएफ माउंटची ७०-२०० एफ २.८, तिसरी आवृत्ती, १४८० ग्रॅम. मोठा फ्लॅश सेल न घालता सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, चार सेल धरून साडेपाचशेच्या जवळ. ५० एमएमची साधी छोटी लेन्स, एफ १.८ वाली, १६०. कॅमेऱ्याच्या दोन बदली बॅटऱ्या, ८० ची एक म्हणजे परत १६०. अर्धा लिटर पाणी अर्धा किलो. झाले की पावणेतीन किलोच्या वर, आणि अजून मोबाइल, फिल्टर, पुसायचं कापड, चाव्या आणि खुद्द वेस्टचं वजन धरलेलं नाही, ते धरलं की काटा साडेतीनला टेकतो. वर गळ्यात कॅमेरा आहेच, बॉडी आणि तिच्यावरची २४-७० लेन्स मिळून पावणेदोन किलो. हे सगळं कशावर? खांद्यावर. ट्रेकिंगच्या सॅकला कंबरेचा पट्टा असतो तो ओझं खांद्यावरून काढून कंबरेच्या हाडावर टाकायला, वेस्टला तसलं काही नसतं, साधारण दोन बोटं रुंदीची खांद्याची शिवण आणि तिच्यावर सगळा कारभार. दोन तासांत मानेच्या मुळाशी जे दुखायला लागतं ते रात्री उशीवर डोकं टेकलं तरी जात नाही. त्यात ओझं एकाच बाजूला असेल तर अजून वाईट. दीड किलोची लेन्स उजव्या खालच्या खिशात ठेवून मी चालले तर दर पावलाला ती मांडीवर आपटायची आणि कॉलर डावीकडून गळ्यात रुतायची.

म्हणून आता माझं ठाम मत झालंय, वेस्ट हे बोटांनी उचलायच्या वस्तूंसाठी आहे. कार्ड, बॅटरी, फिल्टर, कापड, कॅप, छोटा ब्लोअर, फार तर ५० एमएम. जड लेन्स कंबरेच्या पट्ट्याला पाऊच लावून त्यात किंवा सॅकमध्ये. काही जण म्हणतील मग वेस्ट घ्यायचंच कशाला, तर ज्याचं काम एका जागी उभं राहून ट्रायपॉडवर चालतं त्याने नाहीच घेतलं तरी बिघडत नाही. ज्याला गर्दीत फिरत, बॅग खाली न ठेवता, बघता बघता बॅटरी बदलायचीय त्याला मात्र वेस्टसारखं सुख नाही, हे पण खरं.

तरी लेन्स खिशात ठेवायचीच असेल तर खिशाचं माप कसं घ्यायचं ते सांगते, इथे नव्वद टक्के लोक फसतात, मी धरून. वर सांगितलेल्या ७०-२०० चा व्यास ८९ मिलिमीटर. आपण दुकानात खिसा बघतो, रुंदी १५ सेंटीमीटर, लेन्स ९ सेंटीमीटर, म्हणतो आरामात जाईल. पण लेन्स गोल आहे! तिचा घेर २८ सेंटीमीटर. खिसा सपाट शिवलेला असेल तर पुढच्या कापडाला अर्धा घेर फिरून जायचं असतं, म्हणजे १४ सेंटीमीटर तिथेच संपले, आणि ते पण मागचं कापड तेवढंच वाकलं तर. मागचं कापड म्हणजे कोण, तर वेस्टच. मग वेस्ट ओढलं जातं, छातीवर चुण्या पडतात, चेन लागत नाही. त्यामुळे खिसा भात्याचा हवा, म्हणजे कडेला घडी घातलेली पट्टी असलेला, वस्तू आत गेली की पुढे फुगणारा आणि रिकामा झाला की परत बसणारा. आणि खोली बघताना दोन्ही कॅप लावून लेन्सची लांबी धरायची, ती २१-२२ सेंटीमीटरपर्यंत जाते. खिसा त्याहून उथळ असेल तर फ्लॅप बंद होत नाही आणि फ्लॅप बंद नसली तर काय होतं ते विचारू नका. बरं विचारा. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, छातीवरच्या खिशातून ५० एमएम निसटली, आधी दगडावर, मग गवतात. फिल्टर फुटला, लेन्स वाचली, पण फोकस फिरवताना आजही आत वाळू असल्यासारखा आवाज येतो.

तर ट्रायल घ्यायची ती रिकाम्या वेस्टची नाही. आपलं सामान घेऊन जायचं, भरायचं, आणि मग वाकायचं, उकिडवं बसायचं, हात वर करून कॅमेरा डोक्यावर धरायचा, गर्दीत मागून फोटो काढताना धरतो तसा. हात वर केल्यावर पूर्ण वेस्ट वर चढत असेल तर मुंढे, म्हणजे हात घालायची भोकं, चुकलीत, कापडात दोष नाही. मुंढा खोल पाहिजे पण एवढा नाही की बगलेखालचा खिसा कोपराला घासेल. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी तर अजून एक परीक्षा, पोटावर झोपून बघायचं. पाण्याकाठच्या पक्ष्याच्या नजरेच्या उंचीला यायचं तर आम्हाला चिखलात आडवं व्हावं लागतं आणि तेव्हा छातीवरचे भरलेले खिसे म्हणजे चार दगडांवर झोपल्यासारखं, श्वास घेतला की कॅमेरा हलतो. माझ्या दुसऱ्या वेस्टला सगळे खिसे छातीवर होते, फार देखणं होतं, वर्षभरात देऊन टाकलं. कुणी दुकानात फरशीवर झोपायला लाजत असेल तर निदान भिंतीला छाती टेकून उभं राहा, अंदाज येतो. सॅकही घेणार असाल तर सॅकचे पट्टे खिशांवरून जातात का बघा, जात असतील तर ते खिसे गेलेच समजा, गाडीच्या सीटबेल्टचंही तेच.

बायकांनी तर हे सगळं करायचंच आणि वर अजून एक, ही वेस्ट बहुतेक पुरुषांच्या मापाने कापलेली असतात. साइज छोटी केली म्हणून बायकांची होत नाही, खांदा उतरलेलाच राहतो आणि छातीवरचे खिसे पुढे आडवे येतात, त्यात दोन बॅटऱ्या घातल्या की आपण आपल्याच पायाकडे बघू शकत नाही. मी तिसरं वेस्ट ओळखीच्या शिंपीदादांकडून उसवून घेतलं, खांदा आत घेतला, बाजूला टक्स घातले, आतून माया भरपूर सोडलेली होती म्हणून जमलं. विकत घेताना आतली माया बघाच, जिथे शिवणीला अर्धा सेंटीमीटरसुद्धा कापड सोडलेलं नाही ते वेस्ट ओझ्याने पहिले खिशाच्या कोपऱ्यात उसवतं. कोपऱ्यांना आडवे दाट टाके मारलेत का हेही तिथेच दिसतं.

खिसे बंद कशाने होतात यावर मी एक वेगळा लेख लिहू शकेन, तुम्ही छापणार नाही म्हणून थोडक्यात. वेल्क्रो भारी शोध आहे, जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या स्विस इंजिनिअरला कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं बघून सुचला, १९५५ मध्ये पेटंट. पण त्याला आवाज आहे. मी दीड तास एका खंड्याची वाट बघत दबून बसले होते, आला, फांदीवर बसला, मासा चोचीत, आणि नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. खिशाची फ्लॅप उघडली, चर्रर्र, आणि समोर नुसती हलणारी फांदी. शांत हॉलमध्ये भाषण चालू असताना तेच होतं, फक्त तिथे पक्ष्याऐवजी पहिल्या तीन रांगा वळून बघतात. शिवाय लेन्स पुसायचं मऊ कापड त्या आकड्यांना चिकटतं आणि त्याचे धागे ओढले जातात. चेन शांत आणि भरवशाची, पण धातूचा रनर गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर घासतो, माझ्या कॅमेऱ्यावर तशी एक तिरपी रेघ कायमची आहे, प्लॅस्टिकची चेन आणि ओढायला दोरी असलेला रनर बघा. टिचबटणं मला सगळ्यात आवडतात, एका हाताने उघडतात, पण एकच बटण मधोमध असेल तर कडेने वस्तू निसटते.

कापडाचं फार काही नाही. सुती मऊ असतं, आवाज करत नाही, पण भिजलं की जड होतं आणि वाळता वाळत नाही. नायलॉन हलकं, लवकर वाळतं, पण प्रत्येक हालचालीला सळसळ. चौकटीच्या विणीचं रिपस्टॉप मिळालं तर घ्या, त्यात मध्ये मध्ये जाड धागे विणलेले असतात त्यामुळे फाटलं तरी फाट पुढे पळत नाही. पाठीला जाळी हवीच हवी. रंग मातकट, आणि मिलिटरीसारखं ठिपक्यांचं कापड घेऊन परदेशी जाणार असाल तर जरा चौकशी करा, बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे.

खिशांमध्ये काय कुठे ठेवायचं याची प्रत्येकाची पद्धत असते पण ती एकदा ठरवली की बदलायची नाही. माझ्या डाव्या छातीला भरलेल्या बॅटऱ्या, उजव्या छातीला संपलेल्या, कार्ड आतल्या चेनच्या खिशात कडक डबीत आणि डबी दोरीने वेस्टला बांधलेली, त्या धुतलेल्या कार्डानंतर दोरी आली. बॅटरीच्या खिशात दुसरं काहीही नाही, चाव्या-नाणी तर मुळीच नाहीत, उघड्या टोकांना धातू लागला की शॉर्ट होतं आणि लिथियमची बॅटरी तापते, प्लॅस्टिकचं टोपण लावूनच ठेवायची. विमानात पण हाच नियम लागतो, बदली बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, जवळ ठेवाव्या लागतात, टोकं झाकून. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची साधी बॅटरी १५-१६ चीच असते, त्यामुळे त्याची काळजी नको. लेन्स ठेवलीच तर तोंड खाली, मागची कॅप वर, म्हणजे काढली की सरळ माउंटला, कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्याला, लागते, आणि खिसे महिन्यातून एकदा उलटे करून झटका, त्या कोपऱ्यातला कचरा आधी लेन्सच्या मागच्या काचेवर जातो आणि तिथून कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर.

माझ्या आताच्या वेस्टला नऊ खिसे आहेत, दोन मी शिवून बंद करून टाकलेत, उरले सात, आणि डोळे मिटून विचारलंत तरी कशात काय आहे ते सांगेन. पुरवणीत पुन्हा कधी असा लेख आला तर एवढंच करा, खिशांच्या आकड्याशेजारी रिकाम्या वेस्टचं वजन, खालच्या खिशाची खोली आणि खिसा भात्याचा की सपाट हे तीन रकाने द्या. खिशांचा आकडा शेवटच्या रकान्यात टाका.

कळावे,
तुमची एक नेहमीची वाचक

ता. क. दुकानात लेन्स न्यायची भीती वाटत असेल तर तुमचाच पेपर न्या. लेन्सभोवती गुंडाळायचा, रबर लावायचं, लेन्स अलगद काढून घ्यायची आणि ती गुंडाळी लेन्सच्या लांबीएवढी कापून प्रत्येक खिशात घालून बघायची. पुरवणीसकट रविवारचा अंक घ्या, बाकीच्या दिवसांचा पातळ असतो, खिशात जाता जाता चपटा होतो.